उमेदवार आणि भरती अधिकारी यांची ओळख करून देणारी सुविधा ॲपमध्ये कशी असावी?

प्रश्न : सातपूर_ॲप

नमस्कार. आयटीआय आणि पदविका पूर्ण केलेल्या तरुणांना नाशिक जिल्ह्यातील सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील लघु व मध्यम कारखान्यांशी जोडणारे एक ॲप आमचा छोटा गट तयार करत आहे. रिकाम्या जागांची यादी, अर्ज करणे आणि मुलाखतीची वेळ ठरवणे हे भाग तयार आहेत आणि ते व्यवस्थित चालतात. उमेदवार आणि भरती करणारी व्यक्ती यांची अर्जाच्या आधी, किंवा एखादी जागा जाहीर झालेली नसतानाही, ओळख व्हावी अशी सोय आता करायची आहे. तिच्या रचनेवर आमच्यात एकमत होत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

ही सोय हवीच, याविषयी आम्हाला शंका नाही. अंबडमधील एखाद्या कारखान्यात सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्र) ऑपरेटरची जागा रिकामी झाली की ती पुष्कळदा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाही. सुपरवायझर पाळीवरच्या कामगारांना सांगतो, “कोणी ओळखीचं असेल तर घेऊन या,” आणि दोन-तीन दिवसांत कोणाचा तरी चुलतभाऊ किंवा गाववाला गेटवर हजर होतो. मालकाला खात्रीचा माणूस मिळतो, मुलाला काम मिळते. त्यात गैर काही नाही. पण पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील ज्या मुलाच्या घरातून आजवर कोणीही कारखान्यात गेलेले नाही, त्याला ही साखळी दिसतही नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, गुण आहेत, हातात कौशल्य आहे; फक्त गेटच्या आत त्याला ओळखणारे कोणी नाही. आमची सुविधा मुख्यतः त्या मुलासाठी आहे.

गटातील एक मत असे आहे की लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाप्रमाणे कोणीही कोणालाही विनंती पाठवावी आणि ती स्वीकारली गेली की संदेशांची देवाणघेवाण सुरू व्हावी. दुसरे मत असे की संवाद सुरू करण्याचा अधिकार फक्त भरती करणाऱ्याला असावा, नाहीतर लोक त्रासून ॲप काढून टाकतील. पहिल्या रचनेत भरती अधिकाऱ्यांचा इनबॉक्स तुंबेल, हे आम्हाला दिसते. दुसऱ्या रचनेत ज्या मुलाकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्याच्याकडे पुढेही जाणार नाही, हेही दिसते. याशिवाय दोन गोष्टी अडल्या आहेत. मोबाइल क्रमांक कोणत्या टप्प्यावर दाखवावा? आणि सध्या एका ठिकाणी कामावर असलेला उमेदवार दुसरीकडे चौकशी करत आहे, हे त्याच्या सध्याच्या मालकापासून लपवायचे तर ते कसे? प्रत्यक्ष भरती करणाऱ्यांनी आणि अशा सुविधा तयार केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : एचआर_चाकण

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करते. खुल्या संदेशांचा अनुभव कसा असतो, तेवढे आधी सांगते. “सर, जॉब आहे का?” एवढाच मजकूर असलेले संदेश इतके येतात की त्यांतून कोण फिटर, कोण वेल्डर आणि कोण अजून शिकत आहे, हे शोधायला उलट प्रत्येकाला चार प्रश्न विचारावे लागतात. तेवढा वेळ नसतो, म्हणून उत्तर जात नाही. उत्तर येत नाही, म्हणून मुले आणखी दहा ठिकाणी तोच संदेश पाठवतात. यात मुलांचा दोष नाही. समोर कोरी चौकट ठेवली आणि काय लिहावे हे सांगितले नाही, तर माणूस एवढेच लिहिणार.

म्हणून पहिल्या संदेशासाठी कोरी चौकट देऊच नका. ट्रेड (म्हणजे शिकलेला व्यवसाय), उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, कोणत्या यंत्रावर हात बसला आहे, ड्रॉइंग वाचता येते का, रात्रपाळी चालेल का, राहण्याची सोय आहे की कंपनीची बस लागेल आणि किती दिवसांत रुजू होता येईल, एवढे भरले की विनंती आपोआप तयार व्हावी. त्याखाली दोन ओळी त्याने स्वतःच्या शब्दांत, मराठीत, लिहाव्यात. अशी विनंती मी दहा सेकंदांत वाचू शकते, आणि दहा सेकंदांत वाचता आली तर मी ती नक्की वाचते.

उत्तराच्या बाबतीतही तेच. मला लिहायला लावू नका. ‘बोलायला आवडेल’, ‘आत्ता जागा नाही, दिवाळीनंतर विचारा’ आणि ‘या कामासाठी आमच्याकडे जागा नसते’ अशी तीन बटणे ठेवली, तर मी रोज कंपनीच्या बसमध्येच सगळी उत्तरे देऊन मोकळी होईन. नकार स्पष्ट मिळाला तर मुलगा दुसरीकडे वळतो. नुसती शांतता मिळाली तर तो वाट पाहत बसतो. ‘दिवाळीनंतर’ हे बटण दाबले असेल, तर त्या वेळी ॲपने मला आणि त्यालाही आठवण करून द्यावी.

एक मुद्दा कोणाच्या लक्षात येत नाही, तो आवर्जून मांडते. आमच्या क्षेत्रात मनुष्यबळ अधिकारी वारंवार कंपनी बदलतात. उमेदवाराने जी माहिती दिली, ती माझ्या कंपनीतील जागेसाठी दिली होती. मी उद्या कंपनी सोडली आणि ती सगळी संभाषणे माझ्या वैयक्तिक खात्याबरोबर दुसरीकडे गेली, तर उमेदवाराचा विश्वासघात होतो. ती संभाषणे बंद पडली, तर ज्याला मी “दिवाळीनंतर या” म्हटले तो मुलगा अधांतरी राहतो. त्यामुळे संभाषण कंपनीच्या खात्याला बांधलेले असावे, त्यावर माझे नाव व हुद्दा दिसावा, आणि मी गेल्यावर ते माझ्या जागी येणाऱ्याकडे जाताना उमेदवाराला तसे कळवून त्याची संमती घ्यावी.

कंपनी खरी आहे की नाही, याची पडताळणी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. गणवेशाचे, नोंदणीचे किंवा वैद्यकीय तपासणीचे पैसे आधी मागून मुलांना फसवणारे भरपूर आहेत. जीएसटी क्रमांक किंवा उद्यम नोंदणी (लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) तपासल्याशिवाय कोणालाही भरती अधिकारी म्हणून खाते उघडू देऊ नका. केवळ क्रमांक खरा असून भागत नाही, कारण तो कोणाच्याही बिलावर छापलेला असतो. त्या कंपनीच्या नोंदणीकृत ईमेलवर किंवा फोनवर खात्री करून घ्या. पैसे मागितले गेल्याची तक्रार करण्याचे बटण प्रत्येक संभाषणात वरच्या बाजूला असावे आणि त्यातच सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक दिसावा.

उत्तर : रचनाकार_पुणे

वरील उत्तरातील बहुतेक सूचना मला मान्य आहेत. मी अशा दोन्ही बाजूंच्या लोकांना जोडणाऱ्या सेवांच्या रचनेवर काम करतो, त्या अनुभवातून विनंत्यांच्या संख्येबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्नाची गाठ तिथे आहे असे मला वाटते.

विनंती पाठवायला काहीच पडत नसेल, तर तिच्यातून काहीच कळत नाही. शंभर कंपन्यांना एका बोटाने विनंती पाठवणारा मुलगा आणि ‘मला याच कारखान्यात काम करायचे आहे’ असे ठरवून आलेला मुलगा, हे दोघे भरती अधिकाऱ्याला सारखेच दिसतात. यावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःच्याच भरतीसाठी शोधला आहे. अमेरिकेत अर्थशास्त्रातील नव्या पीएच.डी.धारकांची भरती दरवर्षी एका ठरावीक हंगामात होते आणि प्रत्येक जण ढिगाने अर्ज करतो. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६-०७ च्या हंगामापासून अशी सोय केली की अर्ज हवे तितके करा, पण ‘मला तुमच्याकडे विशेष रस आहे’ हा संकेत जास्तीत जास्त दोनच ठिकाणी पाठवता येईल. संकेत दोनच असल्यामुळे त्यांना किंमत आली, आणि ज्यांना संकेत मिळाला त्या संस्थांकडून मुलाखतीला बोलावले जाण्याची शक्यता वाढल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. ही सोय ज्या समितीने आणली तिचे अध्यक्ष ॲल्विन रॉथ होते. त्यांना लॉइड शेपली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशा दोन बाजूंच्या जोड्या जुळवण्याच्या सिद्धांतासाठी आणि तो प्रत्यक्षात उतरवण्यासाठीच.

तुमच्या ॲपमध्ये याचे रूप असे असू शकते : अर्जांवर मर्यादा नको, पण ओळखीच्या विनंत्या एका वेळी मोजक्याच उघड्या राहाव्यात. भरती अधिकाऱ्याने तीनपैकी कोणतेही बटण दाबले की ती जागा मोकळी होऊन उमेदवाराला पुढची विनंती पाठवता यावी. उत्तर आलेच नाही, तर ठरावीक मुदतीनंतर विनंती आपोआप मिटावी आणि उमेदवाराचे काहीही नुकसान होऊ नये. त्याच वेळी, ज्या कंपनीकडून उत्तरेच जात नाहीत तिच्या नावापुढे ‘सहसा उत्तर देत नाही’ अशी नोंद यावी, म्हणजे मुले आपली मोजकी विनंती तिथे खर्च करणार नाहीत. भरती अधिकाऱ्यांनाही मर्यादा हवी. लिंक्डइनमध्ये अनोळखी व्यक्तीला संदेश पाठवण्यासाठी सशुल्क क्रेडिट लागते आणि नव्वद दिवसांत उत्तर आले तर ते क्रेडिट परत मिळते. हा नियम मला न्याय्य वाटतो, कारण नीट विचार करून पाठवणाऱ्याला तो स्वस्त पडतो आणि सरसकट पाठवणाऱ्याला महाग.

आता ‘ओळखी’च्या स्वरूपाविषयी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरातील नोकरी बदललेल्या लोकांची माहिती मांडली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ५५.६ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी भेट अधूनमधून होत होती, २७.८ टक्क्यांची क्वचित, आणि वारंवार भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले फक्त १६.७ टक्के होते. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला माहीत असलेलेच माहीत असते. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर पाच वर्षांत झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यानेही बेताच्या सैल ओळखी नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी पडतात, असे दाखवले. पण त्यातच एक बारकावा होता, तो असा की हा लाभ डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत दिसतो, आणि जे उद्योग तितके डिजिटल नाहीत तिथे घट्ट ओळखी अधिक कामाला येतात. तुमचे कारखाने दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून लिंक्डइनची रचना जशीच्या तशी उचलू नका. अंबडच्या सुपरवायझरला ‘तुमच्या ओळखीतील ओळख’ असे लिहून आलेला अनोळखी चेहरा पटणार नाही. ज्याने त्या मुलाचे काम पाहिले आहे, अशा माणसाचा शब्द लागेल.

उत्तर : शिल्पनिदेशक_टर्नर

मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर ट्रेडला (लेथ यंत्रावरचे काम) शिकवतो. मोजक्या विनंत्यांची कल्पना चांगली आहे, पण ती आमच्या मुलांना आहे तशी लागू केली तर मला भीती वाटते. कोणत्या कंपनीत काय बनते, कुठे काम शिकायला मिळते आणि कुठे फक्त ठेकेदारामार्फत घेऊन सात महिन्यांनी काढून टाकतात, हे ज्याला ठाऊक आहे तो आपल्या विनंत्या नेमक्या ठिकाणी पाठवेल. सुरगाण्याचा मुलगा कंपन्यांच्या पाट्यांवरची मोठी नावे वाचून पाठवेल, आणि त्या मोठ्या कंपन्यांकडूनच सहसा उत्तर येत नाही. ज्याला आधीच माहिती आहे त्यालाच मर्यादा फायद्याची ठरेल.

त्यामुळे भरती अधिकाऱ्याच्या आधी एक पायरी असावी. आमच्या संस्थेतून पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज त्याच कारखान्यांत ऑपरेटर, सेटर, काही जण लाइन इन्चार्ज आहेत. उमेदवाराची पहिली ओळख अशा माजी प्रशिक्षणार्थीशी करून द्यावी. त्याला नोकरी मागायची नाही. काम कसे आहे, पाळ्या कशा आहेत, हातात पगार किती येतो, पीएफ कापला जातो की नाही, एवढेच विचारायचे. हे प्रश्न मुले भरती अधिकाऱ्याला विचारायला धजत नाहीत, पण आपल्याच वर्कशॉपमध्ये त्याच लेथवर शिकून गेलेल्याला नि:संकोच विचारतात. एवढे बोलणे झाल्यावर तो जी विनंती पाठवेल, ती जाणून पाठवलेली असेल.

शिफारशीविषयी सांगायचे तर ‘मुलगा होतकरू आहे’ असे लिहायला मला कोणीही सांगेल आणि मला नाही म्हणता येणार नाही. ‘या प्रशिक्षणार्थीने माझ्यासमोर अंतर्गत आटे कापले आहेत’, ‘मायक्रोमीटरने घेतलेले माप बरोबर येते’ अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर खूण करायची सोय द्या. ते मी मनापासून आणि जबाबदारीने करीन. तशी खूण कोणी, कोणत्या हुद्द्यावर असताना केली, हे कारखान्याला दिसू द्या. तारे आणि गुण देण्याची पद्धत मात्र कृपया आणू नका. सर्वांना पाचपैकी पाच मिळतील.

आणखी एक व्यवहारातील अडचण. आमची मुले सिम कार्ड सारखी बदलतात. रिचार्ज संपला की जुना क्रमांक सोडून देतात. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमचे खाते केवळ क्रमांक आणि ओटीपीवर उघडत असेल, तर जुन्या क्रमांकाच्या नव्या मालकाच्या हाती मुलाची सर्व संभाषणे जातील, आणि मूळ मुलगा मात्र बाहेर राहील. बराच काळ न उघडलेल्या खात्यासाठी ओटीपीबरोबर आणखी एक खूण विचारा; आयटीआयचा नोंदणी क्रमांक त्याला पाठ नसला तरी प्रमाणपत्रावर असतो.

उत्तर : समता_नागपूर

वरील चर्चेत ओळखीचे गुणगान झाले आहे, म्हणून तिची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्रात आडनाव वाचले की बहुतेकांच्या मनात जातीचा अंदाज उमटतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवण्यात आले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाशी तुलना करता दलित नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश आढळला. ते अर्ज पदवीधरांचे होते. ज्या भरतीत लेखी जाहिरातही नसते आणि सगळे तोंडी चालते, तिथे काय होत असेल याचा विचार आपण करावा.

माझी सूचना अशी की ओळखीच्या विनंतीत आडनाव, छायाचित्र, गाव आणि वडिलांचे नाव दिसू नये. ट्रेड, कौशल्ये, निदेशकांनी केलेल्या खुणा आणि रुजू होण्याची तयारी एवढ्यावर भरती अधिकाऱ्याने तीनपैकी एक बटण दाबावे, आणि ‘बोलायला आवडेल’ हे बटण दाबल्यानंतरच नाव उघडावे. गेट पाससाठी पूर्ण नाव लागते हे मान्य, पण ते गेटपाशी पोहोचल्यावर लागते.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशी यादी बनवताना फोनमधील संपर्क वाचण्याचा मोह आवरा. आपल्या फोनमधले संपर्क म्हणजे नातेवाईक, भावकी आणि गाव. त्यावरून ॲपने ओळखी सुचवल्या, तर प्रश्नकर्त्याने ज्या साखळीचे वर्णन केले तीच साखळी आणखी वेगाने फिरू लागेल. ओळखी सुचवायच्या त्या एकाच ट्रेडच्या, एकाच यंत्रावर काम केलेल्या, एकाच संस्थेत शिकलेल्या लोकांच्या सुचवा. पूर्वीच्या भरतीवरून शिकणारी संगणकीय क्रमवारी लावणार असाल तरीही हीच सावधगिरी हवी. ॲमेझॉनने तयार केलेली अर्ज चाळणारी प्रणाली जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवरून शिकल्यामुळे स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागली आणि कंपनीने ती सोडून दिली, हे २०१८ मध्ये रॉयटर्सने दिलेल्या बातमीतून जगजाहीर झाले.

मोबाइल क्रमांकाबद्दल : तो आपोआप कधीच दिसू नये. टॅक्सीच्या ॲपमध्ये जसा दोन्ही क्रमांक लपवून कॉल जोडला जातो, तसा जोडा. इलेक्ट्रॉनिक्स जुळणीच्या कामासाठी अर्ज करणाऱ्या मुलींना मुलाखतीनंतर महिनोन् महिने नको ते फोन येतात, हे मी जवळून पाहिले आहे. संभाषण बंद केले की कॉलची वाटही बंद झाली पाहिजे.

प्रश्नकर्ता : सातपूर_ॲप

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माजी प्रशिक्षणार्थींची पायरी आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. आता सुविधेची सुरुवात तिथूनच करायचे ठरवत आहोत. विनंतीचा साचा, तीन बटणे, उघड्या विनंत्यांवर मर्यादा आणि उत्तरापर्यंत नाव झाकलेले, असा पहिला आराखडा करतो. फोनमधील संपर्क वाचण्याची परवानगी ॲप मागणारच नाही. फक्त सध्या नोकरीत असलेल्या उमेदवाराच्या गुप्ततेचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

उत्तर : रचनाकार_पुणे

त्या बाबतीत संपूर्ण हमी देऊ नका, कारण ती कोणालाच पाळता येत नाही. लिंक्डइनही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती अधिकाऱ्यांना दाखवताना सध्याच्या कंपनीतील अधिकाऱ्यांपासून ती लपवण्याचा प्रयत्न करते, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, असे स्पष्ट सांगते. औद्योगिक वसाहतीत एकाच मालकाच्या तीन नावांच्या तीन कंपन्या असतात आणि ठेकेदार सगळीकडे तोच असतो. नोकरीत असलेल्या उमेदवाराचे प्रोफाइल शोधात येऊच नये; त्याने स्वतः विनंती पाठवली तरच, त्या एका कंपनीला, ते दिसावे. पाठवण्यापूर्वी ‘यांना कळू नये’ अशी कंपन्यांची व ठेकेदारांची यादी त्याला करता यावी.

जाता जाता कायद्याचा एक मुद्दा, कारण तो तुमच्या पहिल्याच पडद्यावर परिणाम करेल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि तिच्या वर्तनाचा माग ठेवता येत नाही. आयटीआयमध्ये दहावीनंतर आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले पुष्कळ असतात. त्यांना प्रशिक्षण चालू असताना माजी प्रशिक्षणार्थींशी बोलू द्यायचे असेल, तर पालकांच्या संमतीची वाट आधी बांधावी लागेल. ती होईपर्यंत अठरा पूर्ण झालेल्यांपुरतीच सुविधा सुरू करा. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणेही त्याच कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा मराठी मजकूर आधी लिहा आणि तो शिल्पनिदेशकांच्या वर्गातील मुलांकडून एकदा वाचून घ्या.